वाळलेल्या गाळाचा आवाज

पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी मी सोलापुरातल्या घरून काम करते. कंपनी मोबाईलवरचे गेम बनवते. गेममधली माणसं दुसरे कुणीतरी करतात; डोंगर, झाडं, घरं, रस्ते, पडक्या भिंती माझ्याकडे. दिवसभर मी अशा गावांमधून हिंडत असते ज्यांच्यात माणूस अजून यायचा असतो. सकाळी दहाला मीटिंग होते. सगळ्यांचे कॅमेरे बंद. मग संध्याकाळपर्यंत मला कुणाशी बोलावं लागत नाही.

घरात पप्पा असतात. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून ते निवृत्त झाले. आई गेली तेव्हा मी पुण्यात होते. घरी आले, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मी परत गेलेच नाही. पप्पांना एकटं ठेवायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तिकडच्या खोलीत माझीही वाट बघणारं कुणी नव्हतं. आता आम्ही दोघं एका घरात राहतो. ते पुढच्या खोलीत पेपर वाचतात, मी मागच्या खोलीत स्क्रीनसमोर. जेवताना ते विचारतात, "मीठ बरं हाय का?" मी म्हणते, "बरं आहे." भाजी त्यांनीच केलेली असते.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. मीटिंग संपली आणि आमच्या टीमचा लीड म्हणाला, चार वाजेपर्यंत नव्या लेव्हलची बिल्ड पाठव, ज्यांच्यासाठी गेम करतोय ते लोक बघायला बसणार आहेत. बिल्ड म्हणजे सगळं एकत्र बांधून फोनवर चालेल असा गेम तयार करणं. त्याला तासभर लागतो. मी बटण दाबलं आणि वीस मिनिटांनी सगळं थांबलं. डिस्कवर जागा नाही.

मी कचरापेटी रिकामी केली. डाउनलोडमधले जुने व्हिडिओ काढले. दोनदा पुन्हा बिल्ड लावली, दोनदा तीच ओळ. साडेबारा वाजले. मग डिस्कवर कुणी किती जागा खाल्लीय ते दाखवणारा एक प्रोग्राम चालवला. त्यात एक फोल्डर इतकं मोठं निघालं की मला आधी काही चूक वाटली. चौऱ्याण्णव जीबी.

ते गेमच्या इंजिनाचं, म्हणजे आम्ही ज्यात गेम बांधतो त्या सॉफ्टवेअरचं, साठवणीचं फोल्डर होतं. आम्ही लोक प्रत्येक झाड, प्रत्येक दगड स्वतः घडवत नाही. ऑनलाइन दुकानात तयार पॅक मिळतात: जंगलाचा पॅक, विहिरींचा पॅक, पावलांच्या आवाजांचा पॅक. ते उतरवून घ्यायचे आणि कामात वापरायचे. वापरून झालं तरी इंजिन त्यांची एक प्रत लपलेल्या फोल्डरात ठेवतं, पुन्हा लागली तर पटकन मिळावी म्हणून. ते फोल्डर कुणी उघडून बघत नाही. लॅपटॉप बदलला तेव्हा मी जुन्यातून सगळं जसंच्या तसं उचलून आणलं होतं, त्यात हेही आलं असणार. सहा-सात वर्षांचं साचलेलं.

नेटवर पाहिलं. सगळीकडे एकच उत्तर, बिनधास्त उडवा, लागलं तर दुकानातून परत उतरवता येतं. मी आत गेले. प्रत्येक पॅक बनवणाऱ्याच्या नावाने एकेक फोल्डर होतं, दीडशेच्या वर. नावं वाचायला वेळ नव्हता. सगळी निवडली आणि कचरापेटीतही न जाता थेट जातील अशी उडवली. पट्टी हिरवी झाली. पावणेचारला बिल्ड गेली. लीडने अंगठा पाठवला. मी उठून पप्पांनी झाकून ठेवलेलं जेवण जेवले.

चार दिवस काही झालं नाही.

पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये लीडने विचारलं, "कोरड्या, तडकलेल्या मातीवर चालल्याचा आवाज आहे का कुणाकडे? दुकानातले सगळे बर्फासारखे वाटतायत."

मी लगेच म्हणाले, "माझ्याकडे आहे. एकदम चांगला आहे."

आणि म्हणतानाच मला कळलं की तो कुठे होता.

हे सांगायचं तर कॉलेजपासून सांगावं लागेल. सोलापुरातच इंजिनिअरिंगला माझ्या वर्गात एक मुलगी होती. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. वडिलांचे चार माग होते, चादरी आणि टॉवेल विणायचे. तिला ऐकण्याचं वेड होतं. रिक्षा कुठल्या कंपनीची आहे हे ती न बघता सांगायची. आम्ही दोघींनी मिळून एक गेम करायचा ठरवला. एक मुलगी उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावात उन्हाळ्यात जाते, पाणी मागे सरतं तसं गाव वर येत जातं, आणि ती आपलं घर शोधते, असा तो गेम. गाव मी उभं करायचं, आवाज तिने करायचे. कॉलेज संपलं तरी आम्ही दोन वर्षं त्याच्यामागे होतो.

तिच्या घरी रेकॉर्डिंग होणं शक्य नव्हतं. आजूबाजूला दिवसभर मागांची खटखट. म्हणून ती दुपारी आमच्याकडे यायची. पप्पा ड्युटीवर, गल्ली झोपलेली. आई टॉवेलांना शिवण मारायचं काम घरी आणायची. आम्ही हात वर केला की तिला मशीन थांबवावी लागायची. पहिल्या दिवशी ती वैतागली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कशाचा आवाज पायजे तुमाला?"

"वाळलेल्या गाळावर पाऊल पडल्याचा," मैत्रीण म्हणाली. ती परातीत भाजलेले पोहे दाबत होती.

आईने ऐकलं. "ह्यो पोह्याचा आवाज हाय. गाळ असा न्हाय बोलत."

"मग कसा?"

"मी चाललीय की त्याच्यावरनं." आईचं माहेर धरणाकाठचं. लहानपणी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पोरं तिथे शेणी गोळा करायला जायची. "वरनं कडक असतो आन् आतनं मऊ. पाय पडला की आदी टक् करतो, मग दबतो. टक् पायजे आन् मग दबणं पायजे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. एक टॉवेल भिजवला, पिळला, चौघडी करून परातीत ठेवला. त्यावर कडक भाकरी ठेवली आणि मूठ दाबली. टक्, आणि मग ओलसर दबणं. मैत्रीण रेकॉर्डर हातात धरून तशीच उभी राहिली. चालू करायचंच विसरली होती.

त्या आठवड्यात आईने एकदा उजवी, एकदा डावी मूठ दाबत दोन चवडी कडक भाकरी मोडल्या. धावती पावलं, थकलेली पावलं, लहान मुलाची पावलं. सुपात ज्वारी पाखडून लाटा केल्या. जुन्या बादलीच्या कानातून गंजलेल्या दाराचा आवाज काढला. एखादा आवाज मनाजोगता झाला की ती "आता बगा" म्हणायची. मोडलेल्या भाकरीचा काला संध्याकाळी ताकात घालून आम्ही तिघी खायचो. पप्पांना यातलं फारसं माहीत नव्हतं. भाकरी एवढ्या लवकर कशा संपतात, एवढंच ते विचारायचे.

गेम पुरा झाला नाही. मला पुण्याची नोकरी लागली आणि मी घेतली. मैत्रिणीला मी ते कामाला लागायच्या दोन दिवस आधी सांगितलं. ती म्हणाली, "मग मी एकटी काय करू?" मी म्हणाले, रात्री-रविवारी करू. एक रविवार केला. निदान आवाज तरी वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही त्यांचा पॅक करून ऑनलाइन दुकानात ठेवला. फारसा कुणी घेतला नाही. नीट उतरतो का हे पाहायला मी तो एकदा स्वतः उतरवला होता, तीच ती प्रत. पुढे तिचं लग्न झालं, ती हैदराबादला गेली, तिकडे बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये लागली. एक दिवस दुकानातून पॅक काढल्याची मेल आली. तिने मला विचारलं नव्हतं. मीही काही लिहिलं नाही. आमचं बोलणं तिथे थांबलं.

त्या सकाळी मीटिंग संपल्यावर मी दुकानात आमचं नाव शोधलं. "हा पॅक आता उपलब्ध नाही." लपलेलं फोल्डर उघडलं. त्यात फक्त या चार दिवसांत उतरवलेला गवताचा एक पॅक होता. गेलेल्या फाईल परत आणणारे दोन प्रोग्राम चालवून पाहिले. दुपारपर्यंत ते काय काय शोधत राहिले, आणि निघाल्या त्या मोडक्या, न उघडणाऱ्या फाईल. त्या जागेवर माझ्याच बिल्ड जाऊन बसल्या होत्या.

आईचा आवाज माझ्याकडे नाही असं नाही. फोनमध्ये आहे. येताना कोथिंबीर आण, पोचलीस का, दोन घास खाऊन घे. ते सगळं आई म्हणून बोललेलं. भाकरी मोडायच्या त्या दुपारी ती माझ्याशी तशी बोलत नव्हती. तिला एक गोष्ट आमच्यापेक्षा जास्त कळत होती आणि ती आम्हाला शिकवत होती. मला वाटत होतं, ते बोलणं त्या फाईलींच्या आगेमागे कुठेतरी आहे. दोन वर्षांत मी एकदाही ती उघडून ऐकली नव्हती. आहेत, एवढ्यावर चाललं होतं.

रविवारी दुपारी पप्पा बाहेर गेले होते तेव्हा मी मैत्रिणीला फोन लावला. नंबर बदलला असेल, असं मनात धरूनच लावला होता.

"बोल," ती म्हणाली. जसं कालच बोललो होतो. मागे लहान मूल काहीतरी आपटत होतं.

मी म्हणाले, "कशी आहेस?"

"बरी आहे. आज कशी आठवण झाली? काकू काय म्हणतात? परवाच मी घरी सांगत होते, आमच्या पोरीला कडक भाकरी आवडते, काकूंना सांगून मागवायला पाहिजे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो?"

"आई नाही गं."

"नाही म्हणजे?"

"दोन वर्षं होतील."

मागचं आपटणं थांबलं. तिने दार लावलं असावं. मग म्हणाली, "आणि तू मला आज सांगतेयस."

आई गेली त्या दिवसांत फोनमधली नावं बघत कुणाकुणाला कळवलं, तेव्हा तिच्या नावावर मी थांबले होते, हे मला नीट आठवत होतं. पॅक काढला त्याचा राग होता, की मी तिला मध्येच टाकून गेले त्याची लाज होती, मला आजही सांगता येत नाही. मी पुढचं नाव घेतलं होतं.

"कशाला फोन केलास?" तिने विचारलं.

मी सांगितलं. डिस्क भरली, फोल्डर उडवलं, आवाज गेले.

"म्हणजे फाईल गेली म्हणून फोन केलास."

"हो," मी म्हणाले.

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

सोमवारी काही आलं नाही. मंगळवारीही नाही. लीडने आवाजाबद्दल पुन्हा विचारलं. मी सापडत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने दुसरा कुठला तरी घेतला. बुधवारी दुपारी तिचा मेसेज आला. एक लिंक होती, आणि खाली लिहिलं होतं: "एक्केचाळीस फाईल आहेत. पॅकमध्ये होत्या त्याच. काकूंचं बोलणं यात नाही. पहिल्यापासूनच नव्हतं. तूच सांगितलं होतंस, माणसाचा आवाज एक तुकडासुद्धा राहायला नको. मी तीन दिवस बसून ते तुकडे काढले होते. मूळ रेकॉर्डिंगचं कार्ड आपण दर आठवड्याला पुसायचो."

मी ते दोनदा वाचलं आणि मला आठवलं. तिच्या घरी गच्चीवर बसून मीच म्हणाले होते, मध्ये कुणी बोललेलं राहिलं तर लोक पैसे परत मागतील. ती म्हणाली होती, "एखादं ठेवू या का, काकूंचं 'आता बगा' फार छान आलंय." आणि मी म्हणाले होते, "घरचं काम वाटेल."

म्हणजे त्या मार्चमध्ये मी काहीच घालवलं नव्हतं. जे गेलं ते आई घरात बसून शिवण मारत होती तेव्हाच गेलं होतं, माझ्या सांगण्यावरून. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

फाईल ऐकायला मी हेडफोन लावला नाही. पहिलं पाऊल वाजलं, दुसरं वाजलं. सातवं-आठवं वाजत असताना पप्पा दारात येऊन उभे राहिले. एरवी ते माझ्या खोलीत कामाच्या वेळी येत नाहीत.

"काय हाय हे?" त्यांनी विचारलं.

"आईने केलेले आवाज. गेमसाठी. तुम्ही ड्युटीवर असायचात तेव्हा."

ते पलंगावर टेकले. जमिनीखाली पाइप कुठे गळतोय ते शोधायला त्यांच्या खात्यात लोखंडी सळई जमिनीला आणि कानाला लावून ऐकायचे, आणि त्यात पप्पांचा हात कुणी धरत नसे. तसेच ते आता मान जराशी तिरकी करून बसले. मी पुढच्या फाईली लावत गेले. एक संपली की ते बोटाने खूण करायचे. सूप त्यांनी लगेच ओळखलं. बादलीचा कान ओळखला, म्हणाले, "ती बादली मी भंगारात दिली." पुन्हा पावलं आली तेव्हा ती टॉवेलावर भाकरी दाबून केल्याचं मी सांगितलं, तर त्यांनी तीच फाईल पुन्हा लावायला सांगितली.

"एक जड पडतंय, एक हलकं," ते म्हणाले. "हलकं डाव्या हाताचं. मनगट मोडलं हुतं न्हवं का तिचं, तू शाळंत असताना. कवाच नीट जोर आला न्हाय त्यात."

मला ते आठवत होतं, पण आवाजात कधी ऐकू आलं नव्हतं. मैत्रिणीलाही नाही. आम्हाला वाटायचं, थकलेल्या मुलीची चाल कशी हुबेहूब जमलीय.

एकतिसाव्या की बत्तिसाव्या फाईलला त्यांनी मान हलवली. "हे तिचं न्हाय. दोनी हात सारके हायत."

ते माझं होतं. आईला एके दिवशी टॉवेल पोचते करायचे होते म्हणून मी दाबले होते. मी तसं सांगितलं. ते "व्हय" म्हणाले आणि पुढचं लावायला खूण केली. सगळ्या एक्केचाळीस ऐकून झाल्या. मला वाटलं काहीतरी बोलतील. मीही काहीतरी बोलायला हवं होतं. ते उठले, चहा टाकू का म्हणून विचारलं आणि स्वयंपाकघरात गेले.

मैत्रिणीला मी लिहिलं, मिळालं, ऐकलं, पप्पांनीही ऐकलं. डाव्या मनगटाचंही लिहिलं. तिने दिवसभर उत्तर दिलं नाही. मग एवढंच आलं: "मे महिन्यात येतेय. घरी येऊ का?"

मे महिन्यात ती आली, चुलत भावाच्या लग्नासाठी. एका दुपारी एकटीच रिक्षाने आमच्याकडे आली. थोडी जाड झाली होती, चष्मा लागला होता. पप्पांना वाकून नमस्कार केला. आईच्या फोटोसमोर उभी राहिली. मग मला म्हणाली, "आत जाऊ का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन, जिथे ती रेकॉर्डर धरून उभी राहायची, तिथे ओट्याला टेकून उभी राहिली.

"मला तुझा राग यायचा," ती म्हणाली. "पॅक मी त्या रागातच काढला."

"माहीत आहे."

"काकूंचं कळवलं असतंस तर मी आले असते."

"तेही माहीत आहे."

पप्पांनी बाहेरून विचारलं, जेवून जाणार का. ती हो म्हणाली. तिघं जेवलो. ती पप्पांना हैदराबादच्या पाण्याबद्दल सांगत होती. पप्पांचे एवढे प्रश्न मी वर्षभरात ऐकले नव्हते. निघताना ती म्हणाली, इंजिन मी तीन वर्षांत उघडलेलं नाही. मी म्हणाले, उघडू नकोस, लॅपटॉप भरतो. ती जरा हसली.

आता महिन्यातून एकदा आमचा फोन होतो, बहुतेक रविवारी. गेमचा विषय निघत नाही. तिची मुलगी मध्ये येऊन तेलुगूत काहीतरी विचारते, मग ती तिकडे बघते, मी वाट पाहते. दहा-पंधरा मिनिटांनी आम्हा दोघींकडचंही बोलणं संपतं. मग कुणीतरी म्हणतं, चल, ठेवते. फोन ठेवून मी बाहेर येते तेव्हा पप्पा पेपरातून मान वर करून विचारतात, "काय म्हणती?" मी सांगते, "बरी आहे." तेवढं ऐकून ते पुन्हा पेपर वाचू लागतात.